भेगांच्या मुलखात

लोणारला जाणारा प्रवासी तळे पाहायला जातो. मी गेलो तो दगड पाहायला, आणि तोही धड दगड नव्हे, फुटका. जालन्याच्या बसस्थानकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली. फुटके दगड पाहायला भाडे खर्चून बुलढाणा जिल्ह्यात जाणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

माझ्या डोक्यात भेगा शिरल्या होत्या, त्याला एक कारण होते. गेली काही वर्षे देशोदेशीचे स्थापत्यविशारद जमिनीखालच्या खडकातल्या बारीक भेगा एका नव्या युक्तीने बुजवू लागले आहेत. सिमेंट नाही, डांबर नाही. पाण्यासारखे पातळ एक मिश्रण भेगेत सोडायचे आणि त्यातून भेगेच्या आतच दगड जन्माला घालायचा. हे काम करते एक एन्झाइम, म्हणजे आपल्या परिभाषेतले विकर. विकर म्हणजे विरजणच म्हणा ना! स्वतः संपत नाही, पण दुधाचे दही करून मोकळे होते. तसे हे विकर पाण्यातल्या क्षारांचा दगड करते. हे वाचल्यावर मनात आले, की दगडाला भेग पडणे आणि ती भरून येणे हा खेळ पाहायला आपल्या महाराष्ट्रात लोणारइतकी चांगली जागा कोणती? आकाशातून आलेल्या धोंड्याने फोडलेला कातळ तिथे उघडा पडला आहे. तेव्हा निघालो.

हल्ली समृद्धी महामार्गाने मोटारी या भागातून भरधाव जातात. सिंदखेडराजा आणि मेहकर ही नावे त्यांना फाट्यावरच्या पाटीपुरती दिसतात. एस. टी.चा रस्ता मात्र गावागावांची विचारपूस करीत जातो. आश्विन लागला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चाललेली. काही रानांत सुड्या घातलेल्या, काही ठिकाणी मळणी यंत्राचा धुरळा उडत होता. हे पीक या जिल्ह्याचा संसार चालवते. पुढे याच सोयाबीनशी माझी निराळ्याच नात्याने गाठ पडायची होती.

वाटेत सिंदखेडराजाला उतरलो. १५९८ साली जिजाऊंचा जन्म इथे झाला. राजवाड्याच्या दरवाजापुढे उभे राहिले, की पुढचा सगळा इतिहास डोळ्यांपुढून जातो. माझे लक्ष मात्र जुन्या भिंतींतल्या चुन्याकडे होते. चुनखडी भट्टीत भाजायची, विरवायची, घाणीत मळायची आणि दगडांच्या सांध्यात भरायची. मग तो चुना हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपले जुने गवंडी सांध्यात दगडच पिकवीत होते. फक्त त्याला हवा लागे आणि वेळ लागे. गावालगतच्या मोती तलावाचा बांध पाहतानाही हेच मनात येते, की पाणी अडवणाऱ्या माणसाचा खरा शत्रू पूर नव्हे, पाझर. पूर दिसतो. पाझर दिसत नाही.

संध्याकाळी लोणारला पोचलो. माझे एक स्नेही तिथल्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. गावात त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मला विवराच्या कडेवर घेऊन गेले.

लोणारचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खळगा, कडेपासून तळापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर खोल, आणि मध्ये खाऱ्या पाण्याचे तळे. पुराणाने सांगितले, की लवणासुर इथे दडून बसला होता आणि विष्णूने त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याचीच आठवण. शास्त्रज्ञांनी आधी सांगितले, की हा ज्वालामुखी. मग १९७३ साली इथल्या दगडात जबर आघातानेच होणारी काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि आकाशातून पडलेल्या अशनीवर शिक्कामोर्तब झाले. केव्हा पडला, यावर मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजले तर सुमारे पन्नास हजार वर्षे, दुसऱ्या पद्धतीने पावणेसहा लाख! दगडाच्या वयात पाच लाखांचा फरक पडला तरी दगडाचे काही बिघडत नाही.

गोमुखाच्या धारेपासून आम्ही उतरलो. बारमाही धार आहे ही. भाविक तिच्याखाली अंघोळ करून पुढे जातात. मी सरांना विचारले, की वर सपाट माळ, आजूबाजूला डोंगर नाही, तर हे पाणी येते कुठून?

“भेगांतून,” सर म्हणाले. “वरच्या माळावर पाऊस पडतो, तो खडकाच्या फटींत शिरतो आणि जिथे विवराच्या भिंतीने त्या फटी कापल्या आहेत तिथे बाहेर येतो. भेगा नसत्या तर ही धार नसती, आणि धार नसती तर कदाचित इथे हे गावही नसते.”

मी तर भेगा बुजवण्याच्या विद्येची भक्ती मनात घेऊन आलो होतो. पहिल्याच सकाळी भेगांचा असा कैवार ऐकावा लागला.

उतरताना दोन्ही बाजूंना काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर वाहिले आणि थिजले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आकसताना चिरा पडल्या. मग पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिले. विरघळलेले क्षार त्याने कणाकणाने आत ठेवले, आणि लाखो वर्षांत बुडबुड्यांचे मोती झाले, चिरांच्या पांढऱ्या शिरा झाल्या. कुठे चुनखडीचे स्फटिक, म्हणजे कॅल्साइट, तर कुठे झिओलाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेले देखणे स्फटिक याच कुळातले. काळ्या दगडातली पांढरी शीर म्हणजे बुजलेली भेग. एवढे कळल्यावर त्या भिंतीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. मला तिथे जागोजागी टाके घातलेले दिसू लागले.

खाली कमळजादेवीच्या देवळात सरांनी बोटाला हळद लावून घेतली आणि काठाशी जाऊन ते बोट पाण्यात बुडवले. पिवळे बोट बघता बघता लालसर झाले. खार लागला की हळदीचे कुंकू होते, हे आपल्या घराघरांतले जुने रसायनशास्त्र. या तळ्याचे पाणी खारट आहेच, पण त्याहून अधिक ते पापडखाराचे आहे. एके काळी इथला खार काढून विकला जाई. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की ही करणी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळाचा मानही मिळाला.

“आता तुमच्या कामाची गोष्ट,” सर काठावर बसत म्हणाले. “दगड व्हायला दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. या तळ्यात कार्बोनेट रग्गड आहे, कॅल्शियमची वानवा. मागे तळातला सुमारे दहा मीटर गाळ काढून तपासला, तर त्यात अकरा हजार वर्षांची रोजनिशी सापडली. पाऊस कमी होऊन तळे आटले, त्या काळातल्या थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक मिळाले, सोडियम आणि कॅल्शियम यांच्या कार्बोनेटचे. म्हणजे तळ्याने आपल्या दुष्काळांची नोंद दगडाने करून ठेवली आहे. तुमच्या त्या विद्येत उलटे आहे. तिथे कॅल्शियम आपण देतो, कार्बोनेट विकराकडून करवून घेतो.”

दुपारी त्यांनी ते करूनच दाखवले. घरच्या नव्या सोयाबीनचे मूठभर दाणे जात्यावर दळले, पीठ पाण्यात भिजवले आणि फडक्यातून गाळून घेतले. एका पेल्यात युरिया विरघळवला. हो, तोच पिकांना घालतो तो. दोन्ही एकत्र केले आणि आम्ही चहा घेत बसलो. अर्ध्या-पाऊण तासाने पेल्याला नाक लावले तर अमोनियाचा उग्र दर्प. हळदीने रंगवलेला कागदाचा तुकडा आत बुडवला. तो देवळातल्या बोटासारखाच लाल झाला. मग सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतले कॅल्शियम क्लोराइडचे पाणी त्यात ओतले. पेल्यात दुधासारखा पांढरा ढग उठला आणि सावकाश तळाशी बसू लागला.

“ही चुनखडी,” सर म्हणाले, “भट्टीशिवाय.”

या विकराचे नाव युरिएज. युरिया आपणहून फुटायला वर्षानुवर्षे लागतात. युरिएज भेटले, की क्षणार्धात त्याचा अमोनिया आणि कार्बोनेट होते. कोरड्या, तापलेल्या रानात वरवर फेकलेला युरिया उडून जातो म्हणून शेतकरी हळहळतो, ते मातीतल्या याच विकराचे कर्तृत्व. सोयाबीनमध्ये ते भरपूर असते. पेंडीच्या कारखान्यात सोयाबीन पुरेसे भाजले गेले की नाही हे पाहताना युरिएज शिल्लक आहे का, हेच तपासतात.

आणि या विकराला एक चरित्रही आहे. जेम्स समनर नावाचा अमेरिकन मुलगा सतराव्या वर्षी शिकारीत जखमी झाला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. हा मुलगा डावखुरा होता! त्याने उजव्या हाताला सगळे शिकवले, आणि रसायनशास्त्र एका हाताला जमायचे नाही असा सल्ला मिळूनही तेच शिकला. १९१७ साली त्याने युरिएज शुद्ध करण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी निवडला आपल्या अबईच्या जातकुळीतला एक घेवडा. नऊ वर्षांनी, १९२६ साली, त्याच्या हाती स्फटिक आले. विकर म्हणजे काही अगम्य शक्ती नव्हे, ते एक प्रथिन आहे, हे जगाला पहिल्यांदा त्या स्फटिकांनी दाखवले. बड्या बड्या पंडितांनी ते बरीच वर्षे मानले नाही. १९४६ साली नोबेल पारितोषिकाने वाद मिटवला. एका हाताच्या माणसाने घेवड्याच्या पिठातून काढलेली ही वस्तू आज खडकाला टाके घालते आहे.

हे टाके घालायचे कसे, तेही सांगतो. खडकात भोक पाडून सिमेंटची राळ दाबाने भरायची ही रीत जुनी आहे. धरणाच्या पायात ती सर्रास वापरतात. पण सिमेंटचा मोठा कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्याहून बारीक फटीच्या तोंडाशी तो अडतो, आणि पाणी हसत हसत पलीकडे जाते. मग जिवाणूंचा उपाय निघाला. युरिएज करणारे जिवंत जिवाणू आणि क्षार भेगेत सोडायचे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या एका विहिरीत सुमारे ३४० मीटर खोलीवरची खडकातली भेग अशा रीतीने बुजवल्याचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. पण जिवाणू झाला तरी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढा, आणि शिवाय जीव! त्याला खायला हवे, फार उष्णता सोसवत नाही. नुसते विकर घेतले तर त्याचा रेणू जिवाणूच्या मानाने शतांशाएवढा. जिथे पाणी जाईल तिथे तो जाईल.

अडचणी त्यालाही आहेत. दगड फार लवकर झाला तर भेगेचे तोंडच बंद होते आणि पोट रिकामे राहते. म्हणून मिश्रण किंचित आंबट ठेवून क्रिया लांबवतात, किंवा थोडे थोडे करून पुनःपुन्हा सोडतात. शुद्ध विकर महाग, म्हणून सोयाबीनचे किंवा घेवड्याचे कच्चे पाणीच वापरून पाहतात. ॲरिझोनातल्या संशोधकांनी विकर टिकावे म्हणून मिश्रणात साय काढलेल्या दुधाची भुकटी घातली, आणि विकराने बांधलेली वाळू पुष्कळच मजबूत झाली असे २०१९ साली जाहीर केले. सोयाबीन, युरिया, दुधाची भुकटी! मोठ्या शास्त्राची शिदोरी कधी कधी अशी आपल्या ओसरीवरच निघते.

तिसऱ्या दिवशी सर मला मेहकरच्या बाजूला एका शेतावर घेऊन गेले. तिथे एका विहिरीचे काम पुन्हा काढले होते. काठावर मलब्याचा ढीग आणि ढिगावर एक म्हातारे बाबा बसलेले. उभा जन्म त्यांनी विहिरी खोदण्यात घालवलेला. सरांनी ढिगातला पांढऱ्या शिरांचा एक दगड उचलला, शीर खिळ्याने खरवडली आणि भुकटीवर लिंबू पिळले. बारीक फेस आला. “कॅल्साइट,” सर मला म्हणाले.

“ते बंद झालेलं पानी हाये, साहेब,” बाबा म्हणाले.

मी चमकून पाहिले. बाबांनी मग मला दगडाची बाराखडी शिकवली. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ. मांजऱ्या लागला की आशा धरायची. कातळाला चिर असली तर पाणी, नाही तर नुसता सुरुंगाचा खर्च.

“पान्याची झीर म्हंजे काय, बाप्पा? चिरच ना! चिर उघडी तं इहीर जित्ती. पांढरी शीर भरली, की समजा देवानं तोंड शिवलं. मंग आम्ही आडवे बोअर मारतो, दुसरी चिर धुंडतो.”

“आणि बाबा, कुणी मुद्दाम चिर बुजवायचे औषध आणले तर?” मी विचारले.

बाबा बराच वेळ विहिरीकडे पाहत राहिले. “वरची बुजवू नका,” ते म्हणाले, “खालची बुजवा. दिवाळीले काठोकाठ असते न होळीले खडखडाट. पानी पळते कुठून? खालच्या अंगानं. तेवढं दार लावता आलं, तं तुमचं औषध खरं.”

हे ऐकून सर हसले, कारण बाबांनी न वाचता जे सांगितले ते आपल्या राज्यात करून पाहिलेले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांसाठी दोन्ही कामे करते. कुठे कूपनलिकेत पाण्याचा दाब देऊन चिरा मोकळ्या करतात, कुठे भोकांत सुरुंग उडवून नव्या चिरा पाडतात. आणि जिथे विहिरीचे पाणी खालच्या अंगाने निसटून जाते, तिथे ओळीने भोके घेऊन त्यांतून सिमेंटची राळ भरतात, म्हणजे भुईच्या पोटात एक बांध उभा राहतो. एकाच खात्याच्या एका हातात पहार आणि दुसऱ्या हातात सुई! काळ्या पाषाणाच्या देशात दोन्ही लागतात. विकराची नवी विद्या ही त्या सुईला मिळालेला अधिक बारीक दोरा आहे, एवढेच.

पण बारीक दोऱ्याची भीतीही बारीक असते. सिमेंट जिथे थांबते तिथे हे मिश्रण थांबणार नाही. नको ती चिर बुजली, तर पलीकडच्या शेतातली विहीर कोरडी पडेल आणि का पडली हे कुणाला कळायचेही नाही. दुसरे असे, की विकर चुनखडीच्या एका कणामागे अमोनियमचे दोन कण मागे ठेवते. ते धुऊन काढले नाहीत, तर पाण्यात राहतात आणि पुढे मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. खोल तेलविहिरीत हे खपून जाईल. ज्या विहिरीवर गावाचा हंडा भरतो तिथे खपणार नाही. तिथे आधी धुण्याची सोय आणि पाण्याची तपासणी, मग भेग. आणि लोणारच्या भिंतीत तर सुई नकोच. तिथल्या भेगा धारेच्या आणि तळ्याच्या मालकीच्या आहेत. अभयारण्यातल्या हरणामोरांना जेवढे संरक्षण, तेवढेच त्यांना हवे.

जिथे सुई चालवायची तिथेही पहिले काम रसायनाचे नाही, पाहणीचे आहे. कोणत्या चिरेने पाणी येते आणि कोणत्या चिरेने जाते, हे शिवारागणिक, विहिरीगणिक कुणीतरी उन्हाळे-पावसाळे बसून टिपले पाहिजे. यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. बाबांसारख्यांच्या डोक्यात निराळ्या नोंदी आहेत, त्या कुठल्याही वहीत नाहीत. ही दोन पुस्तके एकत्र वाचली गेली, तर सोयाबीनच्या पाण्याचे कौतुक करायला अर्थ आहे. नाही तर शिंपी उत्तम आणि माप चुकलेले, अशी गत व्हायची.

निघताना बाबांनी तो पांढऱ्या शिरेचा दगड माझ्या हातात दिला. आज तो माझ्या टेबलावर कागद दाबून ठेवायच्या कामी येतो. येणारे-जाणारे विचारतात, हा कसला रत्नाचा दगड? मी सांगतो, “बंद झालेले पाणी आहे.” कुणी हसतो, कुणी उचलून पाहतो. परवा गावाकडचा एक शेतकरी आला होता, त्याने मात्र ती शीर बोटाने चाचपून लगेच विचारले, “ही कोणत्या अंगाची होती हो, वरच्या की खालच्या?”